खालच्या खणातले पंप

आक्काला कुणी देवमाणूस म्हटलं की मला हसूच येतं. देवमाणूस म्हणे! एकोणीस वर्षं मी तिच्याबरोबर एका टेबलावर डबा खाल्लाय. या बाईने जन्मात कुणाला सरळ उत्तर दिलं असेल तर शपथ. औषधाच्या खिडकीत कार्ड सरकवून कुणी "ताई, जरा लवकर बघा ना" म्हणालं की हिचं ठरलेलं, "का, विमान सुटतंय का?" आणि चिक्कू म्हणजे किती चिक्कू! टूथपेस्टची ट्यूब संपली की कात्रीने उभी चिरायची आणि आतून पुसून आणखी चार दिवस काढायची. साबणाचे उरलेसुरले तुकडे एका जुन्या मोज्यात भरायची आणि तो मोजा अंगाला घासायची. आलेली पाकिटं उसवून, उलटी करून त्यांच्या कोऱ्या बाजूवर याद्या लिहायची. "टाकून दे" हे दोन शब्द तिला शिवीसारखे लागायचे. एकदा मी तिच्यादेखत अर्धी पेन्सिल केरात टाकली, तर आठवडाभर मला ऐकवत होती.

हॉस्पिटलात ती खाली औषधाच्या खिडकीवर आणि मी वरच्या मजल्यावर रेकॉर्ड रूममध्ये. पेशंटची कार्डं, केसपेपर, रजिस्टरं, आणि पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा तोही माझ्याच गळ्यात पडला. तिचं तोंड तिखट, माझं त्याहून फटकळ. म्हणूनच जमलं असावं आमचं.

आमच्याकडे छातीच्या पेशंटची गर्दी फार. त्यातला एक आजार दम्यासारखा दिसतो, पण दमा नव्हे. दमा येतो आणि जातो. हा एकदा आला की जात नाही. वर्षानुवर्षं धूळ, धूर, रंग असलं काही छातीत ओढून श्वासाच्या नळ्या आखडतात, त्या आखडतातच. बरं होणं नाही, आहे तेवढं टिकवायचं. त्यासाठी रोज सकाळी दोन पफ आणि संध्याकाळी दोन पफ पंप ओढायचा. एका पंपात एकशे वीस पफ, म्हणजे बरोबर तीस दिवसांचं औषध. पंपाच्या पाठीला नखाएवढी काच असते, तिच्यात आकडा दिसतो. एकशे वीसपासून तो एकेक करत उतरतो आणि शून्यावर येऊन थांबतो.

पंप द्यायचा नियम मात्र कुणा शहाण्याने केला होता देव जाणे. पेशंटने स्वतः यायचं, खिडकीपुढे उभं राहून सही करायची, कार्डावर शिक्का घ्यायचा, मग पंप. बायको आली, मुलगी आली, चालणार नाही. का, तर पूर्वी कुणीतरी पंप बाहेर विकले होते. खिडकी आठवड्यातून तीन दिवस, नऊ ते बारा. रांग जिन्यापर्यंत जायची. म्हणजे दहा पावलं चालून ज्याला धाप लागते, त्याने धापेचं औषध घ्यायला दोन तास उभं राहायचं! नियम करणाऱ्याला एकदा नाक दाबून त्या रांगेत उभं करायला हवं होतं.

आणखी एक नियम होता. घरी उरलेले पंप कुणी परत आणून दिले तर ते परतीच्या रजिस्टरमध्ये चढवायचे आणि पिवळ्या पिशवीत टाकून नष्ट करायला पाठवायचे. इथे आक्काचं घोडं अडलं.

कारण लोक पंप परत आणून देत. घरचं माणूस गेलं की महिन्याभरात कुणीतरी यायचं, पिशवीत उरलेल्या गोळ्या, एक-दोन पंप. आक्का चष्मा कपाळावर सरकवून पाठीवरचा आकडा बघायची. पहिल्यांदा असा पंप आला त्यावर एकोणसाठ होते. ती मला म्हणाली, "एकोणसाठ पफ टाकून देऊ? पंधरा दिवसांचा श्वास आहे हा." आणि तिने तो टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवला. परतीच्या रजिस्टरात चढवला नाही. मग तिथे दुसरा आला, तिसरा आला. ती ते तोंडाकडून गरम पाण्याने धुवायची, खिडकीच्या गजावर फडक्यात वाळत टाकायची, आणि उलट्या केलेल्या पाकिटात घालून ठेवायची. खण लवकरच भरला. मग ते पंप ज्यांना रांगेत उभं राहवत नाही त्यांच्याकडे जाऊ लागले. दया वगैरे काही नाही हो. माल वाया जातोय हे तिला बघवत नव्हतं, एवढंच. दया नंतर आली असेल तर मला माहीत नाही.

रंगारी तिच्या घरच्या वाटेवर राहायचा. रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली त्याच्या दोन खोल्या. सव्वीस वर्षं त्याने बंद शेडमध्ये गाड्यांना फवाऱ्याने रंग मारला होता, तोंडाला नुसता रुमाल बांधून. वय छप्पन्न, दिसायचा सत्तरचा. घरात एक मुलगी. ती शिवणाच्या कारखान्यात काजं करायची, सकाळी आठला जायची ते सात वाजता यायची. त्यामुळे रंगाऱ्याला हॉस्पिटलात आणायला कुणी नाही. स्वतःच कधीतरी भिंतीला धरत धरत यायचा आणि जिन्याखाली बसून राहायचा. डॉक्टरांनी एकदा विचारलं, छातीत काय होतंय? तर म्हणतो, "निळा रंग आहे साहेब, चकाकता. दोन हात मारलेत आतून."

आक्का कामावरून जाताना त्याच्या दारात उभी राहून ओरडायची, "काय रे रंगारी, आहेस का गेलास?"

"अर्धा आहे ताई. उरलेला अर्धा तुझ्या पिशवीत आहे."

"आधी आकडा दाखव."

हे महत्त्वाचं. जुना पंप दाखवल्याशिवाय ती नवा देत नसे. दिवसाला चार पफ, दहा दिवस झाले तर चाळीस उतरले पाहिजेत. कमी उतरले तर ओरडायची, जास्त उतरले तरी ओरडायची. आणि घरी जाऊन पाकिटाच्या पाठीवर लिहायची: तारीख, रंगारी, आकडा इतका. तिची मोजणी अशी होती. रंगाऱ्याचा आकडा दोन वर्षांत फार तर तीनदा चुकला असेल.

आता या खणात सगळ्यात चांगला माल कुठून यायचा ते ऐका. आमचे एक पेशंट निवृत्त पोस्टमास्तर होते. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला, कोट घालून, कार्ड प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून, रांगेत पहिला. दोन वर्षांत एक खाडा नाही. शिक्का जरा तिरका पडला की म्हणायचे, "बाई, नीट उमटवा. आम्ही आयुष्यभर शिक्के मारलेत." पण पंप घरी नेऊन कपाटात ठेवायचे. ओढायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, पंपाची सवय लागते, एकदा लागली की माणूस संपला. मग आणायचा कशाला? तर कार्डावर मोकळा रकाना दिसू नये म्हणून. त्यांना धाप लागायची, ओठ जांभळे पडायचे, पण पंप म्हटलं की नको.

त्यांची सून दोन-तीन महिन्यांनी मागच्या दाराने आक्काकडे यायची. साधी बाई, घाबरट. कापडी पिशवीतून पंप काढून ठेवायची. आक्का आकडे बघायची. एकशे वीस. एकशे वीस. एकशे वीस. सून म्हणायची, "कपाटात मावत नाहीत. टाकले तर केरात दिसतील. ताई, त्यांना सांगू नका हं."

म्हणजे पंप पोस्टमास्तरांच्या नावावर चढायचा आणि रंगाऱ्याच्या छातीत जायचा. मला हे सगळं ठाऊक होतं. आम्ही डबा खाताना यावर हसायचो.

मग नवे डॉक्टर आले. उंच, किडकिडीत, प्रामाणिक पोरगा, जेवायचंसुद्धा विसरायचा. त्यांना मोजायचं होतं की आमचे पेशंट औषध नियमित घेतात की नाही. माणसाला विचारलं तर तो "घेतो की" म्हणणारच, म्हणून रेकॉर्डवरून मोजायचं. ते म्हणाले, "मावशी, माणूस खोटं बोलतो. नोंद बोलत नाही." पद्धत सोपी होती. दोन वर्षांचे दिवस सातशे तीस. पेशंटने त्यात किती पंप नेले ते बघायचं, एका पंपाला तीस दिवस धरायचे, आणि सातशे तीसपैकी किती दिवस भरले त्याची टक्केवारी काढायची. तीनशे बारा पेशंट. दीड महिना मी रजिस्टरांची धूळ खाल्ली.

काम संपत आलं तेव्हा त्यांनी एक कागद पुढे केला. "एवढी सही करा. रजिस्टरबाहेर पंप दिले जात नाहीत ना? नाहीतर आपली मोजणीच चुकेल."

किती नेमका प्रश्न विचारला बघा. आणि माझ्या डोळ्यापुढे काय आलं? आक्काचा खण आला. तिची नोकरी आली. निवृत्तीला तिची दोनच वर्षं राहिली होती, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मागेपुढे कुणी नाही. मी म्हटलं, "छे हो! रजिस्टरबाहेर सुतळीचा तोडाही जात नाही." आणि सही केली. हे सगळं कुठेतरी छापायला चाललंय, कुणाचं काय बिघडतंय, असं तेव्हा वाटलं होतं मला.

तीन आठवड्यांनी हॉस्पिटलला सहा मशीन मिळाली. घरी ठेवायची, हवेतून ऑक्सिजन काढून नळीने नाकात देणारी. दिवसाला पंधरा तास लावलं तर असा पेशंट आणखी काही वर्षं काढतो. आमच्याकडे गरज असलेले नऊ जण होते, पोस्टमास्तरही त्यांतच, आणि रंगाऱ्याची अवस्था सगळ्यात वाईट. देणाऱ्यांनी अट घातली की औषध नीट घेणाऱ्यालाच मशीन द्या, जो साधा पंप ओढत नाही तो मशीन काय लावणार? हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी डॉक्टरांची मोजणी मागवली आणि ऐंशी टक्क्यांवर रेघ मारली.

पोस्टमास्तर, नव्याण्णव टक्के. रंगारी, दोन वर्षांत दहा पंप, तीनशे दिवस, एक्केचाळीस टक्के. तो आकडा माझ्याच हाताने टाइप झाला होता. मी चार दिवस तोंडाला कुलूप लावून बसले. बघू, डॉक्टर त्याची छाती ऐकतील, त्यांचं त्यांनाच कळेल, असं मनाला समजावत होते. पाचव्या दिवशी यादी खाली फळ्यावर लागली.

आक्का दोन-दोन पायऱ्या चढत वर आली. "हा एक्केचाळीस कुणी काढला?"

"रजिस्टरवरून निघाला."

"रजिस्टर म्हणजे कोण गं? तू! डॉक्टरने विचारलं नाही तुला, बाहेरून काही जातं का म्हणून?"

"विचारलं होतं."

"मग?"

"नाही म्हटलं. सही केली." मला तिच्याकडे बघवेना. "तुझी दोन वर्षं राहिलीत आक्का."

"माझी दोन वर्षं राहिलीत. त्याचे दोन महिने राहिलेत." ती एवढंच म्हणाली. ओरडलीसुद्धा नाही. मी एकोणीस वर्षांत तिला इतक्या हळू बोलताना ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरातली सगळी पाकिटं सुतळीने बांधून घेऊन आली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

डॉक्टर बिचारे दुपारभर ती पाकिटं लावत बसले. संध्याकाळी त्यांनी नवा आकडा काढला. रंगारी, शहाण्णव टक्के. ते तसेच मोठ्या साहेबांकडे गेले आणि दोन दिवसांनी चौकशी बसली.

चौकशी कसली, तमाशा होता. लांब टेबल, मोठे साहेब, औषधभांडाराचे प्रमुख, डॉक्टर. आक्का एका टोकाला, मी रजिस्टरं घेऊन दुसऱ्या टोकाला. साहेबांनी एक पाकीट दोन बोटांत धरलं. "यावर सही नाही, शिक्का नाही, बॅच नंबर नाही. हा कागद काय म्हणून धरायचा?"

"आकडा आहे ना त्यावर," आक्का म्हणाली. "पंपावरचा आकडा आहे. तुमच्या रजिस्टरात पंप नेल्याची तारीख आहे. ओढल्याची आहे का कुठे?"

डॉक्टर म्हणाले, "सर, मला वाटतं बाई खरं सांगतायत."

"वाटतं? वाटण्याची टक्केवारी किती निघते डॉक्टर?" साहेब हसले. मग आक्काला विचारलं, एवढे पंप आले कुठून? तिने पोस्टमास्तरांचं नाव सांगितलं. सासऱ्यांना सांगणार नाही म्हणून सुनेला दिलेला शब्द मोडून सांगितलं, कारण आता दुसरा इलाज नव्हता. पोस्टमास्तरांना बोलावलं. ते कोट घालून आले, कार्ड उघडून टेबलावर ठेवलं. चोवीस शिक्के, एकाखाली एक. "मी पंप घेत नाही असं कोण म्हणतं?"

सुनेला आत बोलावलं. सासरे तिथेच खुर्चीत. तिने आक्काकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "घेतात ना," ती म्हणाली. "रोज घेतात. सकाळ-संध्याकाळ." मला तिचा राग आला. नंतर कळलं की मला राग येण्याचा काही हक्क नव्हता.

कारण पुढचा प्रश्न मलाच होता. "तुम्ही काय म्हणता? पंप बाहेर जात होते?"

"हो," मी म्हटलं. "मला माहीत होतं. मी खणही पाहिलाय."

साहेबांनी माझी सही असलेला कागद माझ्यासमोर सरकवला. "मग हे काय? तेव्हा खोटं बोललात की आता मैत्रिणीसाठी बोलताय?"

मी म्हटलं, तेव्हा बोलले. पण खोटं बोलते हे एकदा स्वतःच कबूल केलं की मग दुसऱ्यांदा कोण ऐकतंय! निकाल झाला तो असा: रजिस्टरमध्ये नाही ते झालंच नाही. आणि गंमत बघा, झालंच नाही म्हणाले त्याच गोष्टीसाठी आक्काला घरी बसवलं, वापरलेलं औषध परस्पर वाटलं म्हणून. रंगाऱ्याला पंप दिला नाही आणि पंप वाटल्याचा गुन्हाही केला, दोन्ही खरं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. सहावं मशीन पोस्टमास्तरांच्या घरी गेलं.

तिचा खण माझ्यासमोर रिकामा केला. एकतीस पंप निघाले. ते सगळे पिवळ्या पिशवीत गेले. आक्का भिंतीला टेकून बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. नवरा गेला तेव्हा ती माझ्यासमोर रडली नव्हती.

रंगाऱ्याकडे मीच गेले सांगायला. तो खुर्चीत पुढे वाकून, हात गुडघ्यांवर रोवून बसला होता. तसं बसलं की त्यांना जरा हवा मिळते. मी सगळं सांगितलं, माझ्या सहीचंसुद्धा. तो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. मग म्हणाला, "एक्केचाळीस? शाळेत... पस्तिसाला पास करायचे." मला हसायला आलं नाही. त्याला वाटलं असावं की हसेन.

दोनदा मी गाडी करून त्याला खिडकीवर आणलं. रांगेत त्याच्या जागी मी उभी राहिले आणि नंबर आला की त्याला जिन्यातून उठवून पुढे न्यायचं, असं ठरवलं. खिडकीवर नवा माणूस होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पहिल्या खेपेला नंबर यायच्या आतच बारा वाजले. दुसऱ्या खेपेला पंप मिळाला, पण घरी जाताना रंगाऱ्याची नखं निळी पडली. "आता नको मावशी," तो म्हणाला. "येऊन जाऊन... जेवढा श्वास मिळतो त्याहून जास्त खर्चतोय."

यादी लागल्यापासून अडतिसाव्या दिवशी तो गेला. मुलगी चार दिवसांनी माझ्याकडे कार्ड बंद करायला आली. तिच्या बोटांना सुया टोचल्याच्या खुणा होत्या. ती म्हणाली, "सकाळी मी निघाले तेव्हा खुर्चीत बसले होते, हात गुडघ्यांवर. संध्याकाळी आले तेव्हाही तसेच बसले होते. मला वाटलं, झोप लागलीय." मग पिशवीतून पंप काढून माझ्या टेबलावर ठेवला. "ताई म्हणायच्या, उरलेला परत आणून द्यायचा. वाया घालवायचा नाही."

मी पंप उलटा करून आकडा पाहिला. बारा. तो गेला तेव्हा पंप मिळून सत्तावीस दिवस झाले होते. रोज चार, सत्तावीस दिवसांचे एकशे आठ. एकही चुकला नव्हता. मी तो पंप नियमाने परतीच्या रजिस्टरात चढवला, सही केली आणि पिवळ्या पिशवीत टाकला.

दीड-एक महिन्यानंतर पोस्टमास्तरांची सून आली. या वेळी पुढच्या दाराने, मागून एक हमाल मशीन ढकलत आणत होता. "परत घ्या," ती म्हणाली. "त्यांना आवाज सहन होत नाही. आणि म्हणतात, ऑक्सिजनची सवय लागली तर?" मशीनला मागे मीटर असतं, किती तास चाललं ते दाखवणारं. डॉक्टरांनी खाली बसून ते वाचलं. अकरा तास. पहिल्या दिवशी लावून दाखवलं तेव्हाचे धरून.

डॉक्टर उठले नाहीत. तिथेच उकिडवे बसून राहिले.

सून माझ्याजवळ आली. "त्या दिवशी मी खोटं बोलले," ती म्हणाली. "मला त्याच घरात परत जायचं होतं." तिच्यापाशी निदान कारण तरी होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारी बाई ती. माझं तोंड तर कुणी दाबलं नव्हतं. मी तिला पाणी दिलं.

डॉक्टरांनी वर दोन पत्रं लिहिली. आक्काला परत घ्या म्हणून एक आणि मोजणी चुकली म्हणून एक. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं की नोंदींच्या आधारे मोजणी योग्यच आहे. पोस्टमास्तर अजून येतात. कोट, कव्हर, रांगेत पहिले. सध्या शंभर टक्के आहेत.

मी दर रविवारी आक्काकडे जाते. मशीन परत आलं त्या रविवारीही गेले. ती भाजी निवडत होती आणि देठं वेगळी ठेवत होती, त्यांचंही काहीतरी करणार असणार. मी सांगितलं. तिने विचारलं, "किती तास?"

"अकरा."

तिचे हात थांबले. तिने जवळचं पाकीट ओढलं, पेन्सिल घेतली आणि लिहायला लागली. अडतीस दिवस, रोज पंधरा तास. पाचशे सत्तर. ते तिने लिहिलं, खाली रेघ मारली आणि पाकीट माझ्याकडे न सरकवता उलटं ठेवलं. मग मला म्हणाली, "चहा ठेव. आणि पावडर कमी घाल, मागच्या वेळी डबा उपडा केल्यासारखी घातली होतीस."

ती मला अजूनही सगळ्यावरून बोलते. चहावरून, चपला दारात आडव्या काढल्या त्यावरून, येताना पिशवी आणली नाही त्यावरून. त्या सहीवरून मात्र एकदाही बोलली नाही. बोलावी म्हणूनच मी जाते. दर रविवारी सगळं ऐकून घेते, वाट बघते, आणि अंधार पडायच्या आत घरी येते.